सुर्ल्यातला आडवा खांब

आधी माफी मागतो. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं आयुष्यभर काम करून निवांत झालेली असतात. मी अजून कॉलेजात आहे, शेवटच्या वर्षाला, आणि माझं काम म्हणाल तर शनिवार-रविवारचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. पपा खनिजाचा ट्रक चालवायचे, आई धारगळला हायवेच्या कडेला भाजी घेऊन बसते. लेख कसा लिहितात हे विचारायला घरात कोणी नव्हतं. मराठीच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "रागात असताना लिहू नकोस. राग उतरला की लिही." मी पावसाळाभर थांबलो. राग उतरला नाही, म्हणून तसाच लिहायला बसलोय. कुठे शब्द चुकला, कोणाचा मान राखायचा राहून गेला, तर क्षमा असावी. एका माणसाचा मान मात्र मी मुद्दामच राखणार नाही.

गोष्ट कशाबद्दल आहे तेही आधीच सांगतो. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या सुर्ला गावात पांडुरंगमामा नावाचे गृहस्थ राहतात. माझे नात्याने कोणी नव्हेत, पण सगळे मामा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्यांचं हृदय कमजोर आहे. बायको वारली. मुलगी सुनंदाताई सकाळी कंपनीच्या बसने कारखान्यात जातात, त्या दिवेलागणीला परत येतात. दिवसभर मामा एकटे, आणि त्या घरात मोबाइलला रेंज नाही. छातीत कळ आली तर मामांनी फोन कसा करायचा, एवढाच प्रश्न होता. तो सोडवणं माझ्या हातातलं काम होतं. अँटेना आणली होती, लोखंडी खांब आणला होता, जागाही सापडली होती. तरी तो खांब उन्हाळ्यापासून त्यांच्या भिंतीला लागून आडवा पडून राहिला. माझा राग त्या आडव्या खांबाचा आहे.

आता थोडं कामाबद्दल. लोकांना वाटतं, काठीला डबा बांधला की झाली अँटेना. रेंज टॉवरवरून येते ती जवळजवळ सरळ रेषेत. वाटेत डोंगर आला की अडते. दाट झाडी असली की कमी होते, पावसात झाडं भिजली की आणखी कमी. त्यातून जे उरतं ते आपल्या चिऱ्यांच्या जाड भिंती आत येऊ देत नाहीत. म्हणून घराबाहेर, उंचावर, टॉवरच्या दिशेला तोंड करून अँटेना लावायची. तिने पकडलेलं केबलमधून आत आणायचं आणि एका छोट्या डब्याला जोडायचं. त्या डब्याचं वायफाय घरभर पसरतं, आणि हल्लीचे बरेचसे मोबाइल त्या वायफायवरून साधा फोनही लावतात. वीज गेली तर डबा बंद पडू नये म्हणून जोडीला लहान बॅटरी ठेवायची. झालं.

अवघड काम जागा शोधण्याचं. मी लांब बांबूच्या टोकाला अँटेना बांधतो आणि घराभोवती फिरतो. किती रेंज येते त्याचा आकडा माझ्या मोबाइलवर दिसतो. हा आकडा उणे असतो. उणे एकशे वीस म्हणजे मेलेलं, उणे पंच्याण्णव म्हणजे चालेल, उणे ऐंशी आलं तर नारळ फोडा. बांबू एका जागी धरायचा, अँटेना किंचित फिरवायची आणि थांबायचं, कारण आकडा सावकाश बदलतो. बघणारी माणसं वैतागतात. समोर टेकडीवर टॉवर दिसत असतो. "थंय आसा मरे टॉवर, मग इकडे तोंड करून कित्याक ठेवतास?" असं विचारतात. पण दिसणारा टॉवर आपल्या सिमकार्डाचा असेलच असं नाही. आपला कधी नदीपलीकडे असतो, ज्याचा नुसता दिवाही दिसत नाही.

झाडाला अँटेना कधी बांधत नाही. झाड हलतं आणि वाढतं. पत्र्याला टेकूनही लावत नाही. केबल आत घेताना भोकाच्या खाली एक झोळ देतो, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळावरून खाली गळतं, भिंतीत शिरत नाही. हे अर्धं मी व्हिडिओ बघून शिकलो आणि अर्धं लोकांच्या भिंती ओल्या करून.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. धारगळला एक दुकानदार आहेत. आमच्या भागात टॉवर येणार होता, तेव्हा ग्रामसभेत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता. "टॉवर आयलो जाल्यार आमची भुरगी आजारी पडतली!" भुरगी म्हणजे मुलं. टाळ्या पडल्या, ठराव झाला, टॉवर आला नाही. पुढे त्यांनी मला बोलावलं. दुकानात कार्डाचं मशीन चालत नव्हतं. मी बांबू घेऊन फिरलो, जागा दाखवली. ते म्हणाले, "हंय नको. थंय लाव." त्यांनी बोट दाखवलं ती शेजाऱ्याची भिंत होती.

"शेट, ती तुमची भिंत नाही."

"म्हणून तर सांगतंय. किरणां पडूं देत तेंच्या घरार."

मी त्यांना समजावलं की अँटेनाला घाबरू नका, उलट रेंज कमी असली की खिशातलाच मोबाइल जास्त जोर लावतो. त्यांनी पटकन खिशातून मोबाइल काढला, जरा विचार केला आणि बायकोला हाक मारली, "अगो, ह्यो तुझ्या पर्सीत दवर!"

ही गोष्ट सांगितली की कॉलेजात सगळे हसतात. मीही पूर्वी हसायचो. पण तो टॉवर ज्या वाड्याला रेंज देणार होता, तिथे भाड्याच्या खोल्यांतून सिंधुदुर्गातून आलेली कामगार माणसं राहतात. अँटेना लावून घेण्याची त्यांची ऐपत नाही, आणि ग्रामसभेत त्यांना कोणी बोलू देत नाही. त्यांतल्या बाया अजून घरी फोन करायला हायवेच्या कडेला उभ्या राहतात, एक कान बोटाने बंद करून. बाजूने ट्रक जातात. आई भाजी विकता विकता त्यांची बोलणी ऐकते. कोणाची आई आजारी, कोणाच्या मुलाची परीक्षा. सगळं रस्त्यावर ओरडून सांगायचं. शेटच्या छपरावरची अँटेना मात्र छान चालते.

चोपड्याला नदीकाठी एकांनी जुनं घर दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्याने द्यायला ठेवलंय. त्यांना इंटरनेट वेगवान हवं होतं, पण अँटेना फोटोत दिसायला नको. "लोक हंय जुना गोंय पळोवंक येतात," म्हणाले. मी ती मागच्या बाजूला लावली, तर मागे स्विमिंग पूल. माडाला बांध म्हणाले, मी नको म्हटलं. शेवटी त्यांनी ती कौलांच्या खाली, पाण्याच्या स्टीलच्या टाकीमागे लावून घेतली आणि आठवड्याने फोन केला, "तुझी अँटेना बोगस रे!" मला अजून मोठ्या माणसांना उलट बोलायला जमत नाही. मनात मात्र खूप बोलतो.

सुर्ल्याला मला सुनंदाताईंनीच बोलावलं, उन्हाळ्यात. त्यांच्या कारखान्यातल्या एका बाईंकडे मी काम केलं होतं. घर खोलगटात, आणि समोर डंप. खाणीवाले खनिज काढताना वरची निरुपयोगी माती एका जागी टाकत जातात, तिचा डोंगर होतो, त्याला आमच्याकडे डंप म्हणतात. आता त्यावर बाभळी उगवल्यात, अनोळखी माणसाला तो खरा डोंगर वाटेल. टॉवर त्याच्या बरोबर मागे. मी बांबू घेऊन फिरायला लागलो तर मामा सोप्यावर, म्हणजे ओसरीच्या बाकावर, बसून मजा बघत होते.

"खंयचो रे तू?"

"धारगळचो."

"बापूस काय करता?"

"खनिजाचो ट्रक चालवायचे."

"मगे माझोच माणूस." मामा खूश झाले. "तो डंप बघतंस? तेच्यार पयलो टिपर मी रितो केलंय. मुकादम म्हणालो, पांडू, नारळ फोड आणि ओत. तेव्हा काय ठावक, माझ्याच फोनाच्या वाटेत ओततंय म्हणान!"

स्वतःच हसले आणि हसता हसता छातीवर हात ठेवून थांबले. सुनंदाताई दारातून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

मामा असे मालवणीत बोलतात, कारण त्यांचे आजोबा सावंतवाडीकडून इथे आले होते, भाटात, म्हणजे नारळाच्या बागायतीत, काम करायला. त्या भाटाच्या मालकाने त्यांना झोपडं बांधायला जागा दिली. तेच पुढे घर झालं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अशा मालकाला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्याला मुंडकार. मामा मुंडकार.

त्या दिवशी घराच्या चारी बाजूंनी फिरलो. पुढे मेलेलं, मागे मेलेलं. छपराच्या उंचीवरही काही नाही. शेवटी अंगणाच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात, जिथे डंपाचा उतार खाली येतो आणि त्याच्या खांद्यावरून थोडं आकाश दिसतं, तिथे बांबू उंच धरला आणि आकडा हलायला लागला. उणे एकशे दहा. एकशे दोन. अँटेना किंचित डावीकडे. त्र्याण्णव! मी हाताने खुणा केल्या, सुनंदाताई आत धावल्या आणि त्यांनी मामांसाठी ठेवलेल्या मोबाइलवरून, डब्याच्या वायफायवर, मैत्रिणीला फोन लावला. तिचा आवाज घरात आला. मामा जागेवरून उठले आणि त्या मोबाइलकडे, घरात पाहुणा आल्यासारखे, बघत राहिले.

"खांब आजच उभा करूया," मी म्हणालो. खांब मी टेम्पोत घालून आणलाच होता. हातभर खड्डा, थोडं सिमेंट, दुपारपर्यंत काम.

मामा म्हणाले, "राव, थांब. आधी भाटकाराक विचारूक होया."

सुनंदाताई म्हणाल्या, "बाबा, खांब आसा तो. माडी नाय बांधूची."

"खांब काय, खुंटी काय. जमनीत काय घालूचा जाल्यार विचारूक होया. आमची पद्धत ती."

मला तेव्हा राग आला नव्हता. मला वाटलं, विचारतील, तो हो म्हणेल, दोन दिवसांत येऊन काम करून जाईन. एका हृदयाच्या पेशंटाच्या फोनला नाही कोण म्हणेल? मी खांब भिंतीला लावून ठेवला आणि वरून पोतं टाकलं.

भाटकार राजधानीत राहतो. नारळ पाडायला माणसं घेऊन आला तेव्हा सुनंदाताईंनी सुट्टी घेतली आणि मलाही बोलावलं, नीट समजावून सांग म्हणून. मला वाटलं होतं कोणी मिशाळ, दरडावणारा माणूस असेल. तसा नव्हता. हसतमुख, मऊ बोलणारा, माझ्या सरांसारखा. सुनंदाताईंनी आतून खुर्ची आणली, तीत तो बसला. मामा उभे राहिले. स्वतःच्या घरासमोर, कमजोर हृदयाचा माणूस, कोवळ्या नारळाचं पाणी पिणाऱ्या माणसासमोर उभा. खुर्ची एकच होती असंही नाही.

मी सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"शिकता मरे तू?"

"हो."

"बरें. शिक, पुता. अशे हुशार भुरगे जाय गांवाक." मग मामांकडे वळून, "पांडू, म्हाका ना म्हणूंक जायना. पूण खांब म्हळ्यार बांधकाम. आज खांब, फाल्यां दुसरें कितें तरी. म्हज्या भावांक विचारूंक जाय. पळोवया."

"व्हय बाब," मामा म्हणाले.

"चवथ जावंदी. मागीर पळोवया." म्हणजे गणेशचतुर्थी होऊ दे, मग बघू.

मी धीर करून म्हणालो, "पण मामांना मध्येच काही झालं तर?"

त्याने माझ्याकडे खूप मायेने बघितलं. "देव आसा मरे," म्हणाला. मग मोबाइल काढून बघितला, वर धरला, खाली धरला आणि कपाळाला आठी घातली. "हांगा रेंजच ना! म्हाका एक फोन येवपाचो आसा." आणि उठून गाडीत बसून निघून गेला. त्याला रेंज हवी तेव्हा त्याच्याकडे गाडी होती.

चवथ झाली. सुनंदाताईंनी रस्त्याच्या वळणावर, जिथे रेंज येते, तिथे उभं राहून त्याला फोन केला. तो म्हणाला, जमिनीत खड्डा नको, घराच्या छपरावर लावा. मी पुन्हा गेलो. छपराची उंची पुरत नव्हती, पण छपरावर उंच नळी उभी करून बघू म्हटलं. शिडी लावून चढलो, दोन कौलं काढली आणि वाशावर हात ठेवला. हात आत गेला. वाळवीने वासा पोखरून नुसतं साल ठेवलं होतं. बाजूचे वासेही तसेच. त्यावर मांजर चढलं तर चालेल, खांब नाही.

खाली उतरून विचारलं, "मामा, वासे बदलले का नाहीत?"

मामांनी सुनंदाताईंकडे बघितलं. सुनंदाताईंनी सांगितलं. आई होती तेव्हापासून वासे बदलायचे आहेत. भाटकाराला विचारलंय. तो म्हणालाय, पळोवया.

म्हणजे खांब जमिनीत नको, छपरावर लावा. आणि छप्पर दुरुस्त करायला परवानगी नाही. आयुष्यात इतका राग मला आला नव्हता. तो माणूस ओरडला असता, धमकी दिली असती, तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं. हा एकेक गोष्ट मऊपणाने पुढे ढकलत होता आणि मामा दर वेळी 'व्हय बाब' म्हणत होते.

आणि मग जे व्हायचं ते झालं. एका दुपारी मामांच्या छातीत कळ आली. मोबाइल हातात होता. सुनंदाताईंनी शिकवल्याप्रमाणे त्यांच्या फोटोवर बोट दाबलं, पुन्हा दाबलं. फोन लागला नाही. अंगणात जावं, रस्त्यापर्यंत चढावं, एवढं बळ नव्हतं. सोप्यावर पडून राहिले. पोदेर, म्हणजे पाव विकणारा, सायकलचा भोंगा वाजवत आला, नेहमीसारखं कोणी बाहेर येईना म्हणून त्याने आत डोकावलं. त्यानेच धावत जाऊन रिक्षा आणली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. वेळेत आलात याचं कारण, पोदेराचा त्या दिवशी त्या वाटेने फेरा होता.

मी बातमी ऐकली आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांना मुंडकार कायद्याची माहिती आहे. त्या म्हणाल्या, मुंडकाराला घराच्या दुरुस्तीपासून अडवता येत नाही, विजेपाण्यापासूनही नाही. कायदा झाला तेव्हा मोबाइल नव्हते, म्हणून अँटेना हा शब्द त्यात मिळणार नाही, पण तुझ्या मामांनी खांब उभा केला तर भाटकाराला फारसं काही करता येईल असं मला वाटत नाही.

मी आनंदाने रविवारची वाट पाहिली आणि सुर्ल्याला गेलो. मामा घरी आले होते, बारीक झाले होते. सुनंदाताई चुलीपुढे होत्या. मी घाईघाईने सगळं सांगितलं.

"माका ठावक आसा रे तो कायदो," मामा म्हणाले. "तो आयलो तेव्हा तुझो बापूस चड्डीत आसतलो. सभेत मी पयल्या रांगेत बसलेलंय."

"मग अडलंय कशाला?"

मामांनी सोप्यावरून हात करून खालच्या ओहोळाकडे दाखवलं. "थंय काजूची झाडां दिसतत? तेंच्या मुळात चिऱ्यांचो चौथरो आसा. आमची मसणवट. माझ्या बापाशीक थंय जाळलो. आवशीक थंय. सुनंदाच्या आवशीक थंय. जागो भाटकाराचो. दर खेपेक विचारलंव, दर खेपेक तेंनी व्हय म्हटल्यानी, वर आंब्याचा झाड दिल्यानी लाकडांक. आमच्या वाड्याक दुसरी मसणवट नाय." ते थांबले, श्वास घेतला. "मी आज खांब मारलंय. उद्या मेलंय. आणि तेंनी नको म्हटल्यानी. मगे माझा मढा घेवन ह्या एकट्या चेडवान जावचा खंय?"

कायदा माहीत नसलेल्या माणसाला कायदा सांगता येतो. मामांना कायदा माहीत होता, आणि त्यांनी हिशेबही केला होता. खांब विरुद्ध चौथरा. जगण्याची सोय विरुद्ध जाळण्याची. आणि त्यांनी निवडलं होतं.

चुलीकडून सुनंदाताई उठून दारात आल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी तो विसरणार नाही. "मरान खंय जावचा तेची सोय केलास. बरा केलास. मी रोज सांजेक कामावरसून येतंय, दार ढकलताना माझो हात कापता, तेची सोय कोणी करूची? भाटकारान?"

"चेडवा…"

"तेका आंब्याचा झाड देवक जमता. हातभर खड्डो देवक जमणा नाय."

मामा म्हणाले, "ह्या पोराक च्या दी." मी चहा घेतला नाही. मला तिथे बसवेना. बाहेर येऊन मी त्या आडव्या खांबाला लाथ मारली. पोतं बाजूला सरकलं, खाली गंज धरायला लागला होता. पाय सुजला तो निराळाच.

घरी येऊन पपांना सगळं सांगितलं, वाटलं ते तरी माझ्यासारखे चिडतील. पपा म्हणाले, "बरोबर आसा तेचा." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. मला कळत होतं की ते बरोबर का म्हणतात. पण ते कळल्याने राग कमी होत नव्हता, उलट वाढत होता. असला कसला मोठेपणा, की जो मेलेल्याला झाड देतो आणि जिवंत माणसाला खांब देत नाही? आणि असली कसली आमची रीत, की आम्ही त्याचे उपकार मोजत बसतो आणि श्वास मोजत नाही? मी शिकलेला म्हणून मला हे दिसतं असं नाही. सुनंदाताई नववीत शाळा सोडलेल्या आहेत. त्यांना माझ्याआधी दिसलं होतं.

तेव्हापासून मी दर रविवारी निमित्त काढून सुर्ल्यावरून जायचो. मामा सोप्यावर दिसले की हात करायचो आणि पुढे जायचो. भाटकाराचं उत्तर आलं का, हे विचारणं मी सोडून दिलं होतं.

ते उत्तर परवा आलं. मी धारगळला एका घराच्या छपरावर होतो, अँटेनाचे नट आवळत. सुनंदाताईंचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता, म्हणजे त्या रस्त्याच्या वळणावर उभ्या होत्या. शनिवारीही त्यांचा कारखाना चालू असतो, मग त्या घरी कशा, म्हणून मी पाना खाली ठेवला.

"मामा बरे आहेत ना?"

"भाटकाराचा उत्तर इला," त्या म्हणाल्या.

"हो म्हणाला?"

"भाट विकल्यान." त्यांना धाप लागली होती. "सगळा. भायल्या कोणा कंपनीक. पावसाच्या आदीच विकल्यान रे. चवथ जावंदी म्हणालो, तेव्हा जमीन तेची नव्हतीच."

मी छपरावर तसाच बसलो. त्या सांगत होत्या. सकाळी एक ट्रक आला, सिमेंटचे खांब भरून, कुंपण घालायला. आधी ओहोळाकडचा भाग. चौथरा तारेच्या आत गेला. आवाज ऐकून त्या कामावर गेल्याच नाहीत. मग ती माणसं वर घराकडे आली आणि अंगणाच्या कडेला खड्डे मारायला लागली. मामा सोप्यावरून उठले, त्यांच्यापर्यंत चालत गेले आणि विचारलं, कोणाक विचारलास? त्यांच्यातला एक हसला. म्हणाला, "किससे पूछना है, चाचा?"

"मामा काय म्हणाले?"

"काय नाय. बाबा घरात गेलो, पहार घेवन भायर इलो, आणि आपल्या खांबाचो खड्डो खणूक लागलो. मी बस म्हणान सांगतंय, हातातली पहार ओढतंय, आयकणा नाय. अर्धो खणून झालो. तू शिमिट घेवन बेगीन ये."